जालवाहतूक नियंत्रण, सॉफ्टवेअराधारित
अंतर्गत संगणकजाल व इंटरनेट यांच्या सीमेवरील गेटवेमधून जाणाऱ्या पॅकेटांचा क्रम व वेग आज्ञावलीच्या साहाय्याने ठरविण्याच्या क्रियेस जालवाहतूक नियंत्रण म्हणतात. पीएफसेन्स (२००४ पासून) व त्यातून निघालेले ऑप्नसेन्स (२०१५) या फ्रीबीएसडी परिचालन प्रणालीवर आधारलेल्या मुक्त स्रोत गेटवेंत ही सोय अंगभूत असून ती सामान्य संगणकावरही चालते.

वाहतूक तुंबते ती बहुधा वेगवान अंतर्गत जाल व मंद बाह्य जोडणी यांच्या सांध्यावर. तेथील मोडेमच्या स्मृतीत पॅकेटांची रांग लागते. २५६ किलोबाइटांची रांग दर सेकंदास १ मेगाबिट क्षमतेच्या जोडणीतून बाहेर पडण्यास सु. २ सेकंद लागतात. दूरध्वनी संभाषणात एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. म्हणजेच एकाने मोठी फाइल पाठविण्यास घेतली की, त्याच जोडणीवरील दुसऱ्याचे बोलणे अशक्य होते. क्षमता वाढविणे हा यावरील नेहमीचा उपाय अपुरा आहे. कारण टीसीपी हा संदेशवहन संकेत उपलब्ध क्षमता व्यापेपर्यंत वेग वाढवीतच राहतो.

मोडेममधील रांगेवर गेटवेची सत्ता चालत नाही. म्हणून गेटवेतून बाहेर जाणारा वेग जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी बांधून देतात. त्यामुळे रांग गेटवेतच लागते आणि तिच्यात कोणी पुढे जावे हे ठरविता येते. थोडी क्षमता जाणूनबुजून सोडून देणे हे या पद्धतीचे मर्म होय. नवख्या व्यवस्थापकास ते सहसा पटत नाही. आत येणारी पॅकेटे मात्र जोडणी ओलांडून आलेलीच असतात. ती रोखून वा टाकून देऊन पाठविणाऱ्यास वेग कमी करावयास लावणे एवढेच शक्य असते. टीसीपी हा इशारा जुमानतो. हेतुपुरस्सर केलेला पॅकेटांचा मारा जुमानत नाही.

पीसा विद्यापीठातील लुईजी रिझ्झो यांनी १९९७ मध्ये मांडलेले डमीनेट हे मुळात संकेतांच्या परीक्षणासाठी कृत्रिम विलंब निर्माण करणारे साधन होते. ऑप्नसेन्समध्ये नियंत्रणासाठी तेच वापरतात. पीएफसेन्समध्ये त्याच्या जोडीस केन्जिरो चो यांची आल्टक्यू ही यंत्रणाही असून तिच्यात रांगांना अग्रक्रम देता येतो. तथापि अग्रक्रमासाठी वाहतुकीचा प्रकार ओळखावा लागतो आणि आजची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने ते कठीण झाले आहे.

कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांची कोडेल पद्धती (२०१२) या अडचणीतून वाट काढते. तीत रांगेची लांबी न मोजता प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले ते पाहतात. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत ही प्रतीक्षा एकदाही ५ मिलिसेकंदांखाली न आल्यास पॅकेटे टाकण्यास आरंभ होतो. प्रवाहांना वेगवेगळ्या रांगांत विभागणारा तिचा एफक्यू-कोडेल हा प्रकार फ्रीबीएसडीच्या ११.० या आवृत्तीपासून (२०१६) डमीनेटमध्ये उपलब्ध आहे. त्यात प्रकार न ओळखताही बरीच न्याय्य वाटणी होते; मात्र एकाच व्यक्तीने अनेक प्रवाह उघडल्यास तिच्याकडे अधिक वाटा जातो. हे सर्व काम गेटवेच्या प्रक्रियकावर पडते. दर सेकंदास १ गिगाबिट वेगाने १,५०० बाइटांची सु. ८३,००० पॅकेटे प्रतिसेकंद हाताळावी लागतात. दुर्बल यंत्रावर मग गेटवेच अडथळा बनतो.