हातजुळणीचे ट्रँझिस्टर रेडिओ : त्यांची पारख व दुरुस्ती

जुन्या बाजारांत किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर कधीं कधीं असा एक लहानसा रेडिओ सांपडतो कीं, ज्यावर कोणत्याहि कारखान्याचें नांव नसतें. पेटी प्लायवुडची व तीवर रेक्झिन चिकटविलेलें. लहरींची तबकडी शाईनें हातानें आंखलेली. आणि पाठीमागचें झांकण काढावें तों आंत डाखाचे लहानमोठे गोळे. विकणाऱ्याच्या दृष्टीनें हा बिनकंपनीचा माल. म्हणून तो भंगाराच्या भावानें जातो. परंतु कारखान्यांतून बाहेर पडलेल्या हजारों एकसारख्या यंत्रांहून हा रेडिओ निराळा आहे. तो कोणा हौशी मनुष्यानें सुटे भाग विकत आणून, पुस्तिकेंतील आकृति समोर ठेवून, स्वतःच्या हातानें जुळविलेला असतो. आणि तंतोतंत त्यासारखा दुसरा जगांत नसतो.

ट्रँझिस्टरचा शोध अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ च्या डिसेंबरांत लागला. १९५४ सालीं ‘रीजन्सी टी. आर. १’ हा चार ट्रँझिस्टरांचा खिशांतला रेडिओ बाजारांत आला, त्याची किंमत जवळजवळ पन्नास डॉलर होती. एवढी किंमत न परवडणाऱ्या, पण हातांत कसब असणाऱ्या लोकांसाठीं सुट्या भागांचे संच निघूं लागले. मिशिगन संस्थानांतील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनी १९४७ पासूनच असे संच विकीत होती. इंग्लंडांत बेडफर्डच्या रेडिओ एक्स्चेंज या दुकानाच्या ‘रोमर सेव्हन’ संचाच्या जाहिराती मासिकांतून झळकत. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं १९६४ सालीं आगपेटीएवढा ‘मायक्रो-६’ काढला आणि जगांतील सर्वांत लहान रेडिओ म्हणून त्याची जाहिरात केली. भारतांत बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यानें जर्मेनियमचे ट्रँझिस्टर बनविण्यास आरंभ केल्यावर येथील हौशी लोकांनाहि देशी माल मिळूं लागला, आणि मुंबईस लॅमिंग्टन रोड ही अशा लोकांची पंढरीच झाली.

नांव नसलेला रेडिओ हातजुळणीचा आहे कीं काय, हें ओळखावयाचें कसें? अनुक्रमांक नसणें ही पहिली खूण. पण तेवढ्यावर भागत नाहीं, कारण चिकटविलेला कागद गळूनहि पडतो. खरी साक्ष डाख देतो. कारखान्यांतील कामगारानें दिलेला डाख सर्वत्र एकाच हाताचा दिसतो. हौशी मनुष्याचा हात मात्र काम करतां करतां सुधारत जातो. पहिले दहा सांधे निस्तेज व फुगीर, तर शेवटचे चकचकीत व आटोपशीर. जुळणी कोठून सुरू झाली, हेंहि त्यावरून सांगतां येतें! दुसरी साक्ष भागांची. एक रोधक एका कंपनीचा, शेजारचा दुसऱ्याच कंपनीचा, असा संकर बहुधा घरीं जुळविलेल्या यंत्रांतच आढळतो.

यानंतर ट्रँझिस्टर पाहावे. इंग्लंडांतील मुलार्ड कंपनीच्या मालांत ओ. सी. ४४, ओ. सी. ४५ चे दोन नग, ओ. सी. ८१ डी व शेवटीं ओ. सी. ८१ ची जोडी असा क्रम सांपडला, तर तें सहा ट्रँझिस्टरांचें नेहमींचें सुपरहेट यंत्र समजावें. लाल ठिपका ज्या बाजूस असेल तो कलेक्टर. याच कुळांतील ओ. सी. ७१ ची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याच्या कांचेच्या नळीवर काळा रंग दिलेला असे, कारण प्रकाश पडला कीं त्यांतील प्रवाह वाढतो. हौशी लोकांनीं रंग खरवडून त्याचाच प्रकाशमापक करून घेतला. आणि कंपनी तर तसला ट्रँझिस्टर वेगळ्या नांवानें महाग विकीत होती. पुढें नळीच्या आंत अपारदर्शक द्रव्य भरून कंपनीनें ती वाट बंद केली.

दुरुस्तीकडे वळतांना एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरली पाहिजे. कारखान्याचा रेडिओ एके काळीं वाजत होता, हें निश्चित असतें. म्हणून त्यांतील दोष हा वार्धक्याचा दोष होय. हातजुळणीच्या रेडिओविषयीं असें म्हणतां येत नाहीं. तो कदाचित् जन्मापासूनच मुका असेल. आंदोलक वेटोळ्याचीं दोन टोकें उलटीं लागलीं असतील, किंवा रंगपट्ट्या चुकीच्या वाचल्यामुळें हजार ओहमच्या जागीं दहा हजारांचा रोधक बसला असेल. बॅटरीचे खटके कोरे करकरीत असून फिरकीवर बोटांची झीज मुळींच नसेल, तर तसा संशय घ्यावा. अशा यंत्रांत जुने कंडेन्सर बदलीत बसण्यापूर्वीं प्रत्येक सांधा आकृतीशीं ताडून पाहणें हाच शहाणपणा. पुष्कळ दुरुस्तीवाले याच ठिकाणीं फसतात.

नवी बॅटरी जोडून ‘वाजतो का पाहूं’ म्हणणें हा तर सर्वांत घातक उतावीळपणा आहे. जुन्या पी. एन. पी. ट्रँझिस्टरांच्या यंत्रांत बहुधा बॅटरीचें धन टोक सामाईक तारेस जोडलेलें असतें. आजच्या संवयीनें उलट जोडणी केली, तर ट्रँझिस्टर क्षणार्धांत निकामी होतात. आधीं गळालेल्या सेलांचा क्षार पुसून काढावा, मग मिलिअँपिअरमापक मध्यें घालून प्रवाह पाहावा. नऊ व्होल्टांच्या सहा ट्रँझिस्टरी यंत्रांत आवाज अगदीं कमी ठेवला असतां दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाह ठीक. पन्नासापुढें कांटा गेला तर तात्काळ बंद करावें. जिवंत जर्मेनियम ट्रँझिस्टरांत बेस व एमिटर यांमधील दाब दशांश एक ते दोन व्होल्टांच्या आसपास सांपडतो. यंत्र मोटरबोटीसारखें फटफटूं लागलें, तर बॅटरीवरचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकला आहे असें समजावें. ‘मायक्रो-६’ सारख्या चिमुकल्या यंत्रांना पाऱ्याचे सेल लागत. पर्यायी सेलांचा दाब १·३५ व्होल्टांच्या जागीं दीड व्होल्ट किंवा किंचित् अधिक भरतो, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

ए. एफ. ११४ ते ए. एफ. ११७ या ट्रँझिस्टरांचा रोग मात्र विलक्षण आहे. त्यांच्या धातूच्या टोपीस आंतून कथिलाचा मुलामा असतो. वर्षानुवर्षें पडून राहिल्यावर त्या कथिलांतून केसाहून बारीक तंतु उगवतात. ते वाढत वाढत आंतील तारांना भिडतात आणि त्या तारा टोपीशीं जोडल्या जातात. यंत्र न वापरतां पेटींत जपून ठेवलें तरीहि हा रोग टळत नाहीं. या ट्रँझिस्टरास चार पाय असतात. त्यांपैकीं चौथा केवळ टोपीस जोडलेला. तो पाय कापला कीं टोपीचा सामाईक तारेशीं संबंध तुटतो व पुष्कळदां रेडिओ पुन्हा बोलूं लागतो. कित्येक जण भारलेल्या कंडेन्सरच्या ठिणगीनें ते तंतु जाळतात. परंतु तंतु पुन्हा उगवतात.

कारागिराच्या मूळ चुकीचें काय करावें, हा प्रश्न उरतोच. कारखान्याच्या रेडिओंत कंडेन्सर बदलला तर फारसें बिघडत नाहीं. तसला नमुना अन्यत्र शिल्लक असतो. येथें मात्र प्रत्येक ओबडधोबड सांधा हीच त्या अज्ञात माणसाची सही आहे. सर्व सांधे वितळवून नवे, चकचकीत केले, तर रेडिओ वाजेल खरा. पण कोणाचा म्हणून वाजेल? तेव्हां जेवढें बंद पडलें आहे तेवढेंच बदलावें, काढलेला भाग चिठ्ठी लावून पेटींतच ठेवावा, आणि पुस्तिकेच्या कडेला पेन्सिलीच्या टिपा असतील तर त्या पुसूं नयेत. मूळ चूक सुधारणें भागच असेल तर आधीं छायाचित्र घ्यावें.

लहरी जुळविण्याचें काम सर्वांत शेवटीं करावें. हौशी मनुष्यापाशीं लहरजनक यंत्र क्वचितच असे. एखादें ओळखीचें केंद्र लावून, कान देऊन, तो वेटोळ्यांतील गाभे फिरवी. इंग्लिश यंत्रांत मधली लहर बहुधा ४७० किलोसायकलांची व अमेरिकन किंवा जपानी यंत्रांत ४५५ ची असते. गाभे ठिसूळ असतात, पोलादी पेंचकसानें ते फुटतात. म्हणून प्लॅस्टिकची किंवा बांबूची तासलेली काडी वापरावी. प्रत्येक गाभ्याची मूळची जागा आधीं टिपून ठेवावी, आणि पाव फेऱ्याहून अधिक फिरविण्याची पाळी आली, तर दोष दुसरीकडे कोठें आहे काय, हें पुन्हा एकदां पाहावें.