औंढ्याची वाट : लोणार ते नांदेड या जुन्या मार्गाचा विचार

औंढा नागनाथ येथील देवळाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तळचें यादवकालीन काळ्या दगडाचें शिल्प, त्यावर मागाहून चढविलेलें विटाचुन्याचें काम, जमिनीखालचें अरुंद गर्भगृह, अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराची परंपरा, या गोष्टी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. माणसें या देवळाकडे कोणत्या वाटेनें येत, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. देऊळ एका जागीं उभें असतें, म्हणून त्याचीं मोजमापें घेतां येतात. वाट नांगराखालीं जाते, मुरमाखालीं जाते, आणि अलीकडे तर धरणाच्या पाण्याखालींहि गेली आहे. तथापि जुन्या कागदांतील ग्रामनामांचा, मजलांचा व नद्यांच्या उल्लेखांचा अर्थ लावावयाचा तर वाट ठाऊक असणें अवश्य आहे. मराठवाड्यांतील सुट्या कागदांवर चुकीचीं टिपणें चिकटविलीं जातात तीं बहुधा या अज्ञानामुळेंच होत.

आज जालन्याहून मंठा, जिंतूर, औंढा, वसमत या क्रमानें नांदेडास जाणारी मोटारीची सडक आहे, आणि मंठ्यापाशीं तिला उत्तरेकडून लोणारचा फांटा येऊन मिळतो. आमच्या मतें मूळ मार्ग तोच. फरक आहे तो नद्या ओलांडण्याच्या जागांत. हा मार्ग इतका काळ टिकून राहिला याचें एक कारण रेल्वे होय. हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची रेल्वे इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पोंचली, ती नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना अशी दक्षिणेकडून गेली. पुढें इ. स. १९१२ मध्यें पूर्ण्याहून हिंगोलीस दुसरा लोहमार्ग झाला, तो औंढ्याच्या पूर्वेकडून गेला. औंढ्याच्या यात्रेकरूस त्यावरील चोंढी स्थानकावर उतरावें लागे. अशा रीतीनें औंढा व जिंतूर हीं दोन्ही गांवें रुळांपासून दूर राहिलीं. भुसार माल आगगाडीकडे वळला. यात्रेकरू व आठवड्याच्या बाजारास जाणारा कुणबी मात्र जुन्याच वाटेनें जात राहिला. ज्या वाटेवर नवा पैसा येत नाहीं तिची जुनी वळणें बरींच शिल्लक राहतात, हा संशोधकाच्या दृष्टीनें लाभच म्हणावयाचा.

येथें पूर्णा नदीविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. पूर्णा या नांवाच्या दोन मोठ्या नद्या या प्रदेशांत लोकांच्या बोलण्यांत येतात. एक वऱ्हाडच्या पायनघाटांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीस मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून लोणार व मंठा यांच्या मधून पूर्वेकडे येते, जिंतूर व औंढा यांच्या मधून दक्षिणेस वळते आणि पूर्णा गांवाच्या खालीं गोदावरीस मिळते. एखाद्या पत्रांत नुसतें ‘पूर्णातीरीं मुक्काम’ एवढेंच असलें तर तें पत्र अकोल्याकडील कीं जिंतुराकडील हें त्या शब्दांवरून ठरत नाहीं. आधींच्या व नंतरच्या मुक्कामावरूनच तें ठरवावें लागतें. पेंढाऱ्यांच्या व फौजांच्या हालचालींविषयींच्या कागदांत ही गल्लत फार घातक ठरते, कारण दोन पूर्णांच्या मध्यें सगळा बालाघाट पसरलेला आहे.

आतां नकाशा पुढें ठेवून पाहूं. लोणाराहून मंठा व जिंतूर या मार्गें औंढ्यास यावयाचें तर पूर्णा दोन वेळां ओलांडावी लागते : एकदां लोणार व मंठा यांच्या दरम्यान, आणि पुन्हां जिंतूर व औंढा यांच्या दरम्यान. उलट लोणाराहून रिसोड, सेनगांव व नर्सी अशा वाटेनें आल्यास पूर्णा मुळींच ओलांडावी लागत नाहीं. ती उजव्या हातास राहते. आडवी येते ती कयाधू, आणि ती तेथें उगमापासून फार दूर नसल्यामुळें तिचें पाणी लवकर ओसरतें. यावरून आम्ही असें समजतों कीं, औंढ्याची वाट एक नसून दोन होत्या. दक्षिणेकडील वाट उघडिपीची, बाजारपेठांची व गाड्यांची. उत्तरेकडील वाट चढउताराची, पेठा विरळ असलेली, पण पूर असतांनाहि चालू राहणारी. काळ्या जमिनींत मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडीचें चाक फिरत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. तेव्हां एखाद्या कागदांत लोणार–औंढा प्रवासांत जिंतुराचें नांव नसेल तर तेवढ्यावरून लेखकाची चूक मानूं नये. तिथि पहावी. ती श्रावण-भाद्रपदाची असल्यास सेनगांव किंवा नर्सी सांपडण्याचा संभव अधिक. ही कसोटी साधी आहे, पण तिथि न पाहतां ग्रामनामेंच जुळवीत बसण्याची संवय संग्राहकांत फार आहे.

दक्षिणेकडील वाटेच्या जुनेपणास दगडांचा पुरावा आहे. मंठा व जिंतूर यांच्या दरम्यान चारठाण्यास हेमाडपंती पद्धतीचीं देवळें व एक उंच स्तंभ आजहि पाहावयास मिळतो; जिंतुराजवळ नेमगिरीस जैनांचीं लेणीं आहेत, आणि जिंतुराचें जुनें नांव जैनपूर होतें अशी तेथील परंपरा सांगते. एकाच वाटेवर शैव, वैष्णव व जैन अशीं तिन्ही प्रकारचीं स्थानें मजलमजलीच्या अंतरानें असावींत, ही गोष्ट केवळ भक्तीनें घडत नाहीं. त्यांस पोसणारी व्यापारी वर्दळ असावी लागते.

ती वर्दळ कशाची होती, याचें निदान एक उत्तर लोणाराजवळ आहे. तेथील सरोवर म्हणजे उल्केच्या आघातानें बसाल्ट खडकांत पडलेलें विवर होय. त्याचा व्यास सुमारें १·८ किलोमीटर आहे. पूर्वीं त्यास ज्वालामुखीचें मुख मानीत. आघाताचा निर्णय इ. स. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें पक्का झाला. पाणी खारें व क्षारयुक्त असून उन्हाळ्यांत तें आटलें कीं कांठावर खार जमतो. ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें या स्थळाचा उल्लेख असून कांच व साबण करण्यास लागणारा क्षार तेथें मिळतो असें म्हटलें आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या दप्तरापर्यंत ज्याची कीर्ति गेली, तो खार बैलांच्या पाठीवरूनच गेला असला पाहिजे. आणि या भागांतील लमाणांचे तांडे त्यासाठीं प्रसिद्धच आहेत. पुढें इ. स. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केल्यावर लोणार इंग्रजी अमलांत व मंठा, जिंतूर, औंढा निजामाकडे, अशी या वाटेची वाटणी झाली. त्यानंतरच्या कागदांत एकाच वाटेसाठीं दोन प्रकारचीं चलनें, दोन सनें व दोन भाषा भेटतात. निजामी कागदांवर फसली सन असतें. त्यांत ५९० मिळविले म्हणजे स्थूल मानानें इसवी सन येतें. मराठी व फारसी मजकूर एकाच पानावर असल्यास दोन्ही वाचून घ्यावेत, कारण गांवाचें नांव फारसींत अनेकदां अधिक जुन्या उच्चाराजवळ असतें.

लोणाराविषयींचा सर्वांत मोलाचा मराठी आधार महानुभावांचा. यादव राजा कान्हरदेव व चक्रधरस्वामी यांची भेट लोणारास झाल्याचें लीळाचरित्रांत आहे. त्याहूनहि आमच्या विषयास उपयुक्त ग्रंथ म्हणजे ‘स्थानपोथी’. देवळाचें दार कोणत्या दिशेस, स्वामी कोठें बसले, जवळ दुसरें देऊळ कोणतें, अशा टिपणांचा तो संग्रह आहे. चौदाव्या शतकांत मोजणी-कामगाराच्या बारकाईनें लिहिलेलें असें गद्य दुसऱ्या कोणत्या पंथाजवळ असेल असें आम्हांस वाटत नाहीं. या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात, म्हणून पुष्कळ दिवस त्या ‘न लागणाऱ्या पोथ्या’ म्हणून पडून राहिल्या. कोणाच्या संग्रहांत अशी न लागणारी पोथी असल्यास ती मंत्रतंत्राची समजून टाकून देऊं नये.

औंढा या नांवाकडे वळूं. राणोदच्या शिलालेखांत शैव आचार्यांची जी परंपरा दिली आहे, तींत ‘आमर्दकतीर्थनाथ’ हें नांव येतें. हें आमर्दक म्हणजेच औंढा, असें कांहीं विद्वानांचें मत आहे, आणि स्थानिक माहात्म्यांतहि आमर्दक हें नांव क्षेत्रास लावलेलें आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें पाहतां ‘म’ चा सानुनासिक ‘व’ होणें मराठीस स्वाभाविक आहे; ग्रामाचें गांव, नामाचें नांव झालेंच आहे. हेमचंद्रानें संमर्द, मर्दित इत्यादि शब्दांतील ‘र्द’ चा ‘ड्ड’ सांगितला आहे. तेव्हां आमर्दकापासून ‘आंवडा’, ‘औंडा’ येथपर्यंत येतां येतें. परंतु ‘ढ’ कोठून आला? वर्धन शब्दापासून वाढ झाली ती ‘र्ध’ मुळें. येथें तो नाहीं. शिवाय लोणावळ्याजवळ औंढे आहे; सातारा व पुणें या प्रांतांत औंध आहेत; त्या सर्व ठिकाणीं आमर्दक मठ होते असें कोणी म्हणणार नाहीं. म्हणून हें समीकरण केवळ ध्वनींवर उभें करूं नये. औंढ्याचें शैवपीठ म्हणून जुनेपण, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरील त्याचें स्थान, हेच त्याचे खरे आधार. समीकरण संभाव्य आहे. सिद्ध म्हणतां येत नाहीं. ज्योतिर्लिंगाच्या वादांतहि आमची वृत्ति अशीच आहे. द्वारकेजवळील नागेश्वर व अल्मोड्याजवळील जागेश्वर यांचेहि आग्रह आहेतच. मात्र परळीहून औंढा व औंढ्याहून जिंतूर-जालन्याच्या वाटेनें वेरूळ, अशी यात्रेची सांखळी महाराष्ट्रांत जुळते, एवढें नमूद करून ठेवतों.

औंढ्यापासून वसमत एका दिवसाची मजल, आणि पुढें आसना ओलांडून नांदेड. वसमत आज हळदीच्या बाजारासाठीं सर्वत्र ठाऊक आहे. या टप्प्याचें महत्त्व दुसऱ्याच कारणानें आहे. नामदेवांची जन्मभूमि म्हणून मानली गेलेली नर्सी औंढ्याच्या उत्तरेस. त्यांचे गुरु विसोबा खेचर यांची व देऊळ फिरल्याची कथा औंढ्याची. आणि ज्या शीख ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, त्यांस गुरुपद देऊन गुरु गोविंदसिंहांनीं इ. स. १७०८ मध्यें देह ठेवला तो नांदेडास. नांदेडचा गुरुद्वारा इ. स. १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंहाच्या द्रव्यानें बांधला गेला. तेव्हांपासून या वाटेवर पंजाबी यात्रेकरूहि आहेत. म्हणून औंढा-नर्सीकडील जुन्या बाडांत एखादें गुरुमुखी पान निघाल्यास तें कोठून तरी भलतीकडून आलें असें समजून वेगळें काढूं नये.

वाटेवरील कागदावर कितपत विश्वास ठेवावा, यासंबंधीं हिंगोलीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणींतील हरिसिंग नांवाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा नाईक निघाल्याचें इ. स. १८३० नंतरच्या ठगांच्या बंदोबस्तांत उघडकीस आलें, आणि मेडोज टेलरनें तें प्रसिद्ध केलें. हरिसिंगानें एकदां छावणीच्या इंग्रज अधिकाऱ्याजवळ मुंबईहून कापड आणण्यासाठीं परवाना मागितला. तो मिळाला. वास्तविक तें कापड हिंगोलीजवळच्याच एका गांवच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचें असून तो स्वतः तें घेऊन वाटेंत होता. हरिसिंगानें त्यास व त्याच्या माणसांस मारलें, माल परवान्यावर छावणींत आणला आणि उघडपणें विकला. त्यानें स्वतः कबुली दिली नसती तर हें कधींच कळलें नसतें. तो परवाना आज कोणाच्या संग्रहांत निघाला, तर त्यावरील शिक्का खरा, सही खरी, तारीख खरी, आणि मजकूर अक्षरशः खरा ठरेल. त्यावरून ‘मुंबई-हिंगोली कापडव्यापार’ या विषयावर कोणीहि निःशंकपणें टिपण लिहील. राहदारीचे दाखले व परवाने माल कोठून कोठें गेला एवढेंच सांगतात. तो कोणाचा होता हें सांगत नाहींत.

आतां पाण्याची गोष्ट. पूर्णेवर येलदरी व तिच्या खालीं सिद्धेश्वर अशीं दोन धरणें इ. स. १९६८ मध्यें पुरीं झालीं. येलदरीची सांठवण सुमारें ९३४ दशलक्ष घनमीटर असून तेथें साडेबावीस मेगावॅट वीज निर्माण करण्याची योजना आहे. सिद्धेश्वराचा जलाशय औंढ्याच्याच तालुक्यांत आहे. आतां त्याच्या कांठावर लोक सुटीच्या दिवशीं सहलीस जातात आणि हिंवाळ्यांत पाहुणे पक्षी उतरतात. पाण्याचा लाभ मोठा आहे, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु दोन्ही जलाशयांच्या फुगवट्यांत पूर्णेचे जुने उतार बुडाले व कांठचीं गांवठाणें उठलीं. गांव उठतें तेव्हां माणसें भांडीं, गुरें व देव बरोबर नेतात. कुलकर्ण्यांचें दप्तर क्वचित् नेतात. जें नेलें गेलें तें पुनर्वसनाच्या नव्या वस्त्यांत, किंवा जिंतूर, परभणी, हिंगोली येथें नातलगांकडे विखुरलें. इ. स. १९९९ च्या १ मे रोजीं परभणी जिल्हा विभागून हिंगोली जिल्हा निराळा झाला, त्यामुळें सरकारी कागदांचा शोधहि आतां दोन ठिकाणीं घ्यावा लागतो. औंढ्याविषयींचा त्यापूर्वींचा कागद हिंगोलींत न मिळाल्यास परभणीस पाहावा.

अशा बाडांतून कागद मिळाल्यास रुमाल सोडण्यापूर्वीं त्यावरील गांठीजवळची चिठ्ठी व बाहेरच्या बाजूचें गांवाचें नांव उतरून घ्यावें, कारण बुडालेल्या गांवाचें नांव पुष्कळदां तेवढ्याच जागीं उरलेलें असतें. कागद विषयवार लावण्याचा मोह टाळून ते जसे बांधलेले होते तसेच ठेवावे. औंढ्याच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांनाहि हीच गोष्ट लागू आहे. त्यांत यात्रेकरूचें नांव, गोत्र व गांव यांच्या जोडीस आल्याची तिथि लिहिलेली असते, आणि दोन वाटांविषयीं वर जें अनुमान आम्हीं मांडलें आहे तें त्या तिथींवरून ताडून पाहतां येईल. पावसाळ्यांतील नोंदींत पूर्णेपलीकडचे यात्रेकरू किती व अलीकडचे किती, एवढेंच मोजावयाचें आहे. ज्यांच्याजवळ अशी एखादी वही असेल त्यांनीं ती द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. आषाढ ते आश्विन या चार महिन्यांच्या नोंदींतील गांवांची यादी उतरून पाठविली तरी पुरे आहे.