प्रशिक्षकाची कामगिरी मोजायची कशी? गुणतालिकेपलीकडचे निकष

भिलाई : फुटबॉल संघ सलग काही सामने हरला की चाहत्यांच्या रोषाचा पहिला रोख मुख्य प्रशिक्षकाकडे वळतो. त्याने किती सामने जिंकले, किती गमावले याचा हिशेब मांडला जातो आणि त्यावरून तो राहावा की जावा, याचा निकाल दिला जातो. हा हिशेब अनेकदा अपुरा असतो. तो अधिक न्याय्य कसा करता येईल, हे मुंबई सिटी एफसी आणि एफसी गोवा या दोन क्लबांच्या अलीकडच्या इतिहासावरून समजून घेता येते.

छत्तीसगडचा एकही क्लब इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजेच आयएसएलमध्ये, खेळत नाही. पोलाद कारखान्यानिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कुटुंबांच्या भिलाईसारख्या शहरात या लीगचा चाहता आपला संघ पडद्यावरच पाहतो. सराव, दुखापती, खेळाडूंच्या करारांच्या वाटाघाटी यांपैकी काहीच त्याच्या नजरेस पडत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते निकाल आणि गुणतालिका. देशातील बहुसंख्य फुटबॉलप्रेमींची स्थिती हीच आहे. त्यामुळे आकडे वाचायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो.

मुंबईचा उतार

मुंबई सिटीचे झेक प्रशिक्षक पेट्र क्रात्की यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सूत्रे हाती घेतली. आधीचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम हंगामाच्या मध्यावर इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले होते. क्रात्की यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०२३-२४ च्या साखळीत ४७ गुणांसह दुसरे स्थान मिळवले आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून अंतिम सामना जिंकला. पुढच्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, हाच क्लब ३६ गुणांसह सहाव्या स्थानावर घसरला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बंगळूरुने त्याचा ०-५ असा धुव्वा उडवला.

विजेतेपदानंतर वर्षभराच्या आत असा पराभव झाल्यावर प्रशिक्षकाविषयी प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. मात्र त्यांचे उत्तर शोधताना तुलना कशाशी करायची, हे आधी ठरवावे लागते.

आयएसएलच्या साखळीतील सामन्यांची संख्या दर हंगामात सारखी नव्हती. म्हणून एकूण गुणांपेक्षा प्रतिसामना सरासरी अधिक उपयोगी पडते. मुंबईची २०२०-२१ मधील सरासरी २.०० होती. ती २०२१-२२ मध्ये १.५५, २०२२-२३ मध्ये २.३०, २०२३-२४ मध्ये २.१४ आणि २०२४-२५ मध्ये १.५० अशी राहिली.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षवेधी आहे. क्रात्की यांच्या खराब हंगामाची सरासरी बकिंगहॅम यांच्या पहिल्या हंगामाच्या सरासरीच्या अगदी जवळ आहे. बकिंगहॅम यांनाही गतविजेता संघ मिळाला होता. त्यांच्या पहिल्या वर्षी तो पाचव्या स्थानावर राहिला आणि बाद फेरीही गाठू शकला नाही. त्या वेळी केवळ गुणतालिका पाहून निर्णय झाला असता, तर पुढच्या हंगामातील २० सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल ही कामगिरी त्यांच्या हातून घडलीच नसती. अर्थात, एकाला जमले म्हणून दुसऱ्यालाही जमेल, असे यातून सिद्ध होत नाही. एका हंगामाची सरासरी भविष्याविषयी फारसे सांगत नाही, एवढेच यातून दिसते.

घसरण नेमकी कुठे?

पुढचा टप्पा म्हणजे घसरणीचे स्वरूप पाहणे. मुंबईने २०२३-२४ च्या साखळीतील २२ सामन्यांत ४२ गोल केले आणि १९ स्वीकारले. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २९ गोल केले आणि २८ स्वीकारले. प्रतिसामना केलेले गोल १.९१ वरून १.२१ वर आले, तर स्वीकारलेले गोल ०.८६ वरून १.१७ वर गेले. बचाव कमकुवत झाला, पण मोठा उतार आक्रमणात होता. बरोबरीत सुटलेले सामने पाचवरून नऊवर गेले, यामागेही हेच कारण दिसते. जे सामने आधी एका गोलाने जिंकले जात, ते आता बरोबरीत राहू लागले.

आक्रमण का आटले, याचा एक धागा खेळाडूंच्या यादीत सापडतो. विजेतेपदानंतर आघाडीवीर जॉर्ज पेरेरा डियाझ, मधल्या फळीतील अल्बर्टो नोगेरा आणि कर्णधारपद सांभाळलेला बचावपटू राहुल भेके हे तिघे बंगळूरुकडे गेले. मधल्या फळीचा आधार असलेला अपुइया मोहन बागानकडे गेला. विजेत्या संघाचा कणाच प्रतिस्पर्ध्यांच्या ताफ्यात विखुरला आणि ज्या क्लबाने तिघांना घेतले, त्यानेच पुढे बाद फेरीत मुंबईला पाच गोलांनी हरवले.

येथे जबाबदारीची विभागणी महत्त्वाची ठरते. खेळाडूंचे करार किती रकमेचे व किती काळाचे असावेत, कोणाला सोडावे आणि कोणाला घ्यावे, हे निर्णय प्रामुख्याने क्लबचे व्यवस्थापन घेते. प्रशिक्षकाचा शब्द त्यात किती चालतो, हे प्रत्येक क्लबात वेगळे असते. युरोपात पूर्वी ‘मॅनेजर’ या पदाकडे खरेदी-विक्रीपासून सरावापर्यंत सर्व अधिकार असत. आज बहुतेक क्लबांत क्रीडा संचालक संघाची बांधणी करतो आणि मुख्य प्रशिक्षक त्या संघाला खेळवतो. चाहते मात्र अजूनही दोन्ही कामांचा हिशेब एकाच माणसाकडे मागतात.

भिलाईच्या वाचकाला हा मुद्दा कारखान्याच्या अनुभवावरून पटेल. ब्लास्ट फर्नेसमधून एखाद्या पाळीत किती लोखंड निघाले, हे पाळीप्रमुखाच्या कौशल्यावर अवलंबून असते, तसेच दल्ली-राजहराहून आलेल्या खनिजाच्या प्रतीवर, कोकच्या दर्जावर आणि भट्टीच्या वयावरही असते. उत्पादन घटले तर पाळीप्रमुखाला जाब विचारला जातोच, पण कच्चा माल कसा होता, हे तपासल्याशिवाय त्याच्यावर ठपका ठेवला जात नाही.

एकच प्रशिक्षक, दोन निकाल

संघसामग्रीचा प्रभाव किती मोठा असतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गोव्यात घडले. स्पेनचे मानोलो मार्केझ २०२४-२५ मध्ये एकाच वेळी एफसी गोवा आणि भारतीय राष्ट्रीय संघ यांचे प्रशिक्षक होते. गोव्याने त्यांच्या मार्गदर्शनाखाली साखळीत ४८ गुणांसह दुसरे स्थान पटकावले आणि मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० असे हरवून सुपर चषक जिंकला. राष्ट्रीय संघाने मात्र त्यांच्या कार्यकाळातील आठ सामन्यांपैकी मालदीवविरुद्धचा एकच सामना जिंकला, चार बरोबरीत सोडवले आणि तीन गमावले. जुलै २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघापासून वेगळे झाले.

माणूस एक, वर्ष एक, फुटबॉलविषयीचा विचारही एक, तरी एका तालिकेत तो यशस्वी आणि दुसरीत अपयशी. फरक होता तो परिस्थितीचा. क्लबात खेळाडू महिनोन्महिने हाताशी असतात आणि परदेशी खेळाडूही मिळतात. राष्ट्रीय संघात सरावाला मोजके दिवस मिळतात आणि गोल करणारा खेळाडू बाहेरून आणता येत नाही. त्यातही आठ सामने ही फार छोटी संख्या आहे.

छोट्या संख्येचा धोका मुंबईच्या त्याच हंगामात दिसला. ११ मार्च २०२५ रोजी मुंबईने बंगळूरुच्या मैदानावर यजमानांना २-० असे हरवून बाद फेरी गाठली. त्यानंतर १८ दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याकडून तिला ०-५ अशी हार पत्करावी लागली. यांपैकी कोणत्याही एका सामन्यावरून प्रशिक्षकाची लायकी ठरवली, तर निष्कर्ष टोकाचा आणि चुकीचा निघेल.

‘अपेक्षित गोल’ म्हणजे काय?

निकालातील नशिबाचा वाटा बाजूला काढण्यासाठी विश्लेषक ‘अपेक्षित गोल’ हे माप वापरतात. गोलजाळ्यापासूनचे अंतर, कोन आणि फटक्याचा प्रकार यांवरून प्रत्येक फटक्याचे गोलात रूपांतर होण्याची शक्यता काढली जाते. पेनल्टीचे साधारणपणे चारपैकी तीन वेळा गोलात रूपांतर होते. म्हणून तिचे मूल्य पाऊणच्या आसपास धरतात. तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याचे मूल्य अगदी नगण्य असते. सामन्यातील सर्व फटक्यांची बेरीज केली की संघाने किती गोलांच्या संधी निर्माण केल्या, हे कळते.

संधी भरपूर निर्माण होत असूनही संघ हरत असेल, तर दोष बहुधा अखेरच्या फटक्यात किंवा नशिबात असतो. अशा वेळी काही सामन्यांत चित्र पालटण्याची शक्यता असते. संधीच निर्माण होत नसतील, तर मात्र खेळाच्या आखणीवर, म्हणजेच प्रशिक्षकाच्या कामावर, बोट ठेवता येते. हे मापही परिपूर्ण नाही. तरीही दहा-बारा सामन्यांच्या टप्प्यात ते निकालांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

प्रशिक्षक बदलल्याने फरक पडतो का?

प्रशिक्षक बदलल्यावर संघ जिंकू लागतो, असा अनुभव अनेकदा येतो. अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ या काळातील क्लबांचा अभ्यास केला. त्यांनी प्रशिक्षक काढलेल्या संघांची तुलना तेवढ्याच पडझडीनंतरही प्रशिक्षक कायम ठेवलेल्या संघांशी केली. प्रशिक्षक बदलल्याने कामगिरी सुधारल्याचे त्यांना आढळले नाही. हकालपट्टी नेहमी तळ गाठल्यावर होते आणि तळानंतर आकडे बहुधा सरासरीकडे परततातच. त्या परतीचे श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते.

उलट दिशेची चूकही होते. एफसी गोव्याने जानेवारी २०२० च्या अखेरीस सर्जिओ लोबेरा यांना साखळी संपण्याआधी पदावरून दूर केले. त्या हंगामात गोवा ३९ गुणांसह साखळीत अव्वल ठरला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब बनला. लोबेरा पुढच्या हंगामात मुंबईकडे गेले आणि त्यांनी साखळीची ढाल व विजेतेपद अशी दोन्ही पदके मुंबईला एकाच वर्षी मिळवून दिली.

मग जाब कशाचा विचारावा?

या साऱ्याचा अर्थ प्रशिक्षकाला दोषमुक्त करणे असा नाही. काही बाबी थेट त्याच्या हातात असतात आणि चाहता त्या पडद्यावरही पाहू शकतो. पहिला डाव फसल्यावर मध्यंतरानंतर आखणी बदलते का? बदली खेळाडू वेळेवर उतरतात का? कॉर्नर आणि फ्री किकवर त्याच प्रकारचे गोल वारंवार स्वीकारले जातात का? आघाडी घेतल्यावर संघ ती टिकवतो का? तरुण भारतीय खेळाडू वर्षभरात सुधारले का? या प्रश्नांची उत्तरे सातत्याने नकारार्थी असतील, तर गुणतालिका बरी असली तरी चिंता रास्त आहे. बाद फेरीतील पाच गोलांचा पराभवही या निकषांवर तपासायलाच हवा. खेळाडू गेले, एवढ्याने संघाच्या विस्कळीतपणाचे पूर्ण स्पष्टीकरण मिळत नाही.

या चर्चेत पणाला लागलेली गोष्ट केवळ एका व्यक्तीची नोकरी नसते. एफसी पुणे सिटीने २०१४ ते २०१९ या पाच हंगामांत दरवर्षी नव्या प्रशिक्षकासह सुरुवात केली. अखेरच्या हंगामात तर मिगेल आंखेल पोर्तुगाल, हंगामी प्रशिक्षक प्रद्युम रेड्डी आणि फिल ब्राउन अशा तिघांनी सूत्रे सांभाळली. संघ एकदाच, २०१७-१८ मध्ये, उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि २०१९ मध्ये क्लब बंद झाला. त्यामागे आर्थिक कारणे होती. पण दरवर्षी नवी सुरुवात करणाऱ्या या संघाला स्वतःची घडी कधी बसवता आली नाही, हेही खरे.

पुण्याच्या जागी आलेला हैदराबाद एफसी पहिल्या हंगामात १८ सामन्यांत १० गुणांसह तळाशी राहिला. २०२० मध्ये मार्केझ तेथे आले. पहिल्या वर्षी संघ पाचवा आला आणि बाद फेरी हुकली. क्लबाने त्यांना कायम ठेवले आणि मार्च २०२२ मध्ये हैदराबाद विजेता ठरला. पाचव्या स्थानावरच्या त्या वर्षी त्यांच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांपुढेही गुणतालिका होतीच. त्यांनी तिच्यासोबत संघ किती तरुण आहे आणि तो कोणत्या दिशेने जात आहे, हेही विचारात घेतले.