निवळीचा पशुखाद्य म्हणून उपयोग

चक्का बांधला अथवा पनीर दाबले की फडक्यातून हिरवट-पिवळे पाणी निथळते. त्यास निवळ म्हणतात. १०० लिटर दुधाचे पनीर करताना सुमारे ८० लिटर निवळ निघते आणि पुष्कळ ठिकाणी ती ओढ्यात सोडून दिली जाते. तेथे कुजताना ती पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. मासे मरतात व दुर्गंधी सुटते. वस्तुतः हे जनावरांचे खाद्य आहे.

तथापि त्याचे मोल वाजवीपेक्षा अधिक मानू नये. निवळीत शेकडा ९३ ते ९४ भाग पाणीच असते. उरलेल्या भागात मुख्यतः दुग्धशर्करा, थोडी प्रथिने व क्षार असतात. १५ लिटर निवळीतून जनावरास जेमतेम १ किलो कोरडे खाद्य मिळते. तेवढ्या प्रमाणात भरडा कमी करता येईल. पेंड मात्र तोडू नये. फुकटच्या निवळीच्या भरवशावर पेंड बंद करणाऱ्या पशुपालकास त्याची किंमत दुधात मोजावी लागते.

खरा धोका घाईत आहे. तहानलेल्या गाईपुढे एकदम भरलेली बादली ठेवल्यास ती अधाशीपणे पिते. कोटीपोटातील सूक्ष्म जंतूंना इतक्या शर्करेची सवय नसते. त्यामुळे आम्लता वाढून पोट फुगते, हगवण लागते. म्हणून आरंभी कोंड्यात कालवून २ लिटर द्यावी आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवीत मोठ्या गाई-म्हशीस १० ते १५ लिटरपर्यंत न्यावे. चारा व स्वच्छ पाणी नेहमीप्रमाणे पुढे असावे. डुकरांनाही निवळ मानवते. कोंबड्यांना दुग्धशर्करा नीट पचत नाही.

निवळ त्याच दिवशी संपवावी. ती आम्लधर्मी असल्याने जस्ताच्या बादल्या खाते. स्टीलची किंवा प्लॅस्टिकची भांडी वापरावीत. कारखान्यातून आणताना यंत्रे धुतलेले कॉस्टिक सोड्याचे पाणी तीत मिसळले नाही ना, याची प्रत्येक वेळी चौकशी करावी.

लहान वासरांस निवळ देऊ नये. त्यांच्यासाठी यंत्राने मलई काढलेले दूध योग्य. चीक व पुढे पूर्ण दूध पाजल्यानंतर, तीन आठवड्यांच्या सुमारास ते थोडे थोडे सुरू करावे. मलईबरोबर त्यातील अ जीवनसत्त्व निघून जाते, यास्तव सोबत कोवळा हिरवा चारा चघळावयास द्यावा.