बोलणं अडलंय? दोघं मिळून सल्ल्याला या

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. बियाणं कोणतं घ्यायचं, सोसायटीचा हप्ता कसा भरायचा, मेहुणीच्या लग्नात आहेर किती करायचा, यावरून दोघांचं वाजतं आणि दोन दिवसांत मिटतं. अशा भांडणाला कुणाच्या सल्ल्याची गरज नसते. पण काही भांडणं मिटत नाहीत, नुसती झाकली जातात. सणाला, पाहुण्यांसमोर, नाहीतर ऐन सुगीत तेच भांडण पुन्हा वर येतं. शब्दसुद्धा तेच. कधी भांडणही होत नाही, महिनामहिना अबोला चालतो आणि निरोप पोरांच्या तोंडून दिले जातात, "तुझ्या बाला सांग, जेवण वाढलंय."

अशा वेळी नवराबायकोने मिळून जाणकाराकडे जावं. याला वैवाहिक समुपदेशन म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे. दोघांचं बोलणं जिथं अडलं, तिथून ते पुन्हा सुरू करून देणं. शहरातल्या शिकलेल्यांचं हे खूळ आहे असं समजू नका. बोलणं अडायला शिक्षण लागत नाही.

समजा, एक जोडपं आहे. दोन मुली, धाकटी दीड वर्षाची. सासूबाई म्हणतात, "वंशाला दिवा नको का?" सून म्हणते, "आता बस." नवरा दोघींचं ऐकतो आणि काही न बोलता पारावर जाऊन बसतो. रात्री बायको विषय काढते, तो कूस बदलतो. ती आवाज चढवते, तो वाकळ उचलून ओसरीवर झोपायला जातो. ती मनात म्हणते, "हे आईच्याच बाजूचे." तो मनात म्हणतो, "काहीही बोललो तरी भडकाच उडणार." तो उठून जातो म्हणून ती मोठ्याने बोलते, आणि ती मोठ्याने बोलते म्हणून तो उठून जातो. घाण्याच्या बैलासारखं दोघं एकाच रिंगणात फिरतात. पुष्कळ घरांतली भांडणं नीट पाहिली तर अशीच असतात, फक्त कारण वेगळं.

हे जोडपं समुपदेशकाकडे गेलं, तर काय होईल?

पहिल्या भेटीत दोघांना एकत्र बसवतात. चूक कुणाची, हे विचारत नाहीत. "मागचं भांडण कसं सुरू झालं, मग काय झालं, त्यानंतर कोण काय म्हणालं," असं पायरीपायरीने विचारतात. मग बहुधा प्रत्येकाशी एकेकदा वेगळं बोलतात, कारण जोडीदारासमोर काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत. मारहाण होते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही तेव्हाच विचारतात. तुमची गोष्ट बाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असला, किंवा कायद्याने सांगणं भागच पडलं, तरच त्याला अपवाद. एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घालायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या.

नंतरच्या भेटी पुन्हा एकत्र असतात. एक भेट पाऊण ते एक तासाची, आठ-पंधरा दिवसांनी एकदा. काहींचं चार-पाच भेटींत भागतं, काहींना दहा-बारा किंवा जास्तही लागतात. गोळी घेतली आणि ताप उतरला, असं हे काम नाही.

खरं काम कसं चालतं ते पाहा. समुपदेशक बायकोला म्हणतात, "तुम्ही बोला." नवऱ्याला म्हणतात, "तुम्ही फक्त ऐका. मग त्या काय म्हणाल्या ते तुमच्या शब्दांत सांगा."

ती म्हणते, "तुम्ही उठून जाता तेव्हा वाटतं, या घरात मी एकटीच आहे."

तो म्हणतो, "हिचं म्हणणं, मी आईचंच ऐकतो."

"मी तसं म्हटलंच नाही."

"पुन्हा ऐका," समुपदेशक म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. घरी करून पाहा, म्हणजे कळेल. आपण ऐकत नसतो, उत्तर जुळवत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बायको जे बोलते, ते नवऱ्याने कधी ऐकलेलं नसतं. "धाकटीच्या वेळी रक्त फार गेलं. तुम्ही ऊसतोडीला गेला होता. तेव्हापासून पाळी चार दिवस लांबली तरी छातीत धडधड होते." आता नवऱ्याची पाळी येते. तो म्हणतो, "दोन्हीकडून बोलणं सुरू झालं की माझा शब्दच फुटत नाही. आई एकटी आहे. तिला दुखवायचं धाडस होत नाही." दोघंही एकमेकांचं वाईट चिंतत नव्हती. दोघंही घाबरलेली होती, एवढंच.

इथून पुढचं बोलणं वेगळं होतं. दोघांची तयारी असेल तर एखाद्या भेटीला सासूबाईंनाही बोलावता येतं. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं, सुनेच्या कुशीवर नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की निम्मा राग निवळतो. पाळणा थांबवायचा की लांबवायचा, कॉपर-टी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन की पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया, हे जोडप्याने ठरवायचं. समुपदेशक त्याचा आग्रह धरत नाहीत, आणि धरला तर ते समुपदेशनच नव्हे.

भावकीतले चार लोक बसून निवाडा करतात आणि समुपदेशक बोलतं करतात, यातला फरक ध्यानात घ्या. निवाड्यात एक जिंकतो, एक हरतो, आणि हरलेल्याला त्याच घरात राहायचं असतं. शिवाय निवाडा करणारे उद्या लग्नाच्या पंगतीत भेटतात. समुपदेशक भेटत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा. "नांदा" किंवा "सोडा" असंही ते सांगत नाहीत. कधी दोघं वेगळं व्हायचंच ठरवतात. मग मुलांचे हाल न होता ते कसं करायचं, यावरही बोलता येतं.

मग जायचं केव्हा? खरं तर लवकर. अडचण अशी की लोक फार उशिरा येतात, सामानाची ट्रंक माहेरी पोचल्यावर. बाळंतपणानंतर बायको गप्प गप्प राहते, रडते, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही असं म्हणते, तर तिला नखरे समजू नका. तो आजार असू शकतो आणि बरा होतो. आधी डॉक्टरांना दाखवा. लग्नाला वर्ष उलटलं, मूल राहत नाही आणि सगळी बोटं बायकोकडे वळली, तर दोघांनीही तपासणी करून घ्या. दोष पुरुषातही असतो, कधी दोघांत, कधी कुणातच सापडत नाही. तपासण्यांच्या त्या दिवसांत जोडप्यात फार कडवटपणा येतो, म्हणून सल्लाही सोबत घ्यावा. मूल दगावलं आणि त्यानंतर दोघं एकमेकांकडे बघेनाशी झाली, शरीरसंबंधात दुखणं किंवा नकोसेपण आलं, कामासाठी सहा-सहा महिने लांब राहून संशय शिरला, ही सगळी जाण्याची कारणं आहेत. लाज कसली? डॉक्टर हे रोज ऐकतात. दारूचं व्यसन असेल तर त्याचा इलाज वेगळा करावा लागतो. नुसत्या बोलण्याने बाटली सुटत नाही.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायला हवी. मारहाण, धमकी, पैसे आणि फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं असं चालू असेल, तर दोघांना एकत्र बसवणं हा उपाय नाही. समोर खरं बोललं तर घरी गेल्यावर मार बसतो. तिथं आधी सुरक्षितता. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि लगेच पोलीस हवे असतील तर 112. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महाराष्ट्रात पोलिसांबरोबर काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. त्यांची सुरुवात 1984 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथं मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो.

बाकी जोडप्यांनी पहिली चौकशी आशाताईकडे किंवा नर्सबाईंकडे करावी. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहेत का, कोणत्या वारी भेटतात, ते तिथल्या केसपेपरच्या खिडकीवर विचारा. लांब जाणं जमत नसेल तर 14416 या टेलिमानसच्या नंबरावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन उचलतात. प्रकरण कुटुंब न्यायालयात गेलं असेल तर तिथंही विवाह समुपदेशक असतात. पण न्यायालयापर्यंत जायची वाट कशाला पाहायची?

आणि नवरा येत नाही म्हणाला तर? किंवा बायको? एकट्याने जा. एकाने आपली बोलायची रीत बदलली तर समोरच्याचीही थोडी बदलते, आणि पुष्कळदा तिसऱ्या भेटीला दुसरं माणूस "बघू तरी काय बोलतात" म्हणत मागून येतं. घरी सांगताना "तुमचं डोकं ठिकाणावर आणायला नेते" असं म्हणू नका. "माझं मन लागत नाही, माझ्यासोबत चला," एवढं पुरे. जाताना आधीचे दवाखान्याचे कागद, चालू गोळ्या आणि लहान बाळ असेल तर त्याला सांभाळायला कुणीतरी सोबत घ्या, नाहीतर भेटीचा अर्धा वेळ बाळ रडण्यातच जातो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणं होतंच. त्या दिवशी समुपदेशक हजर असतात का, हे मात्र आधी विचारून घ्या.