उड्डाण अभिलेखक

विमानाची उंची, वेग, दिशा इ. राशी आणि वैमानिक कक्षातील ध्वनी यांची उड्डाणकाळात आपोआप नोंद करणारी व ती नोंद अपघातातही सुरक्षित ठेवणारी उपकरणे. ‘काळी पेटी’ या नावाने ती सर्वपरिचित असली, तरी अवशेषांत चटकन दिसावीत म्हणून त्यांना भडक नारिंगी रंग देतात. राशी नोंदणारा माहिती अभिलेखक व संभाषण नोंदणारा ध्वनी अभिलेखक अशी दोन उपकरणे असतात. काही आधुनिक विमानांत दोहोंचे कार्य एकाच पेटीत होते.

प्रारंभीच्या माहिती अभिलेखकात धातूच्या पातळ वर्खावर सुईने ओरखडे उमटत व त्यांवरून उंची, वेग, दिशा, ऊर्ध्व प्रवेग आणि काळ एवढेच कळे. वैमानिक काय बोलत होते, हे त्यावरून समजणे शक्य नव्हते. कॉमेट या जेट विमानांच्या १९५३-५४ मधील अपघातांच्या चौकशीत भाग घेतलेले ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांनी ही उणीव ओळखली. मेलबर्न येथील वैमानिकीय संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी बनविलेल्या नमुन्यात पोलादी तारेवर सु. चार तासांचे संभाषण व उपकरणांची वाचने साठविता येत. मायदेशी त्याची उपेक्षाच झाली. आपल्यावर पाळत ठेवली जाईल, अशी वैमानिकांच्या संघटनेला धास्ती वाटली. ब्रिटनमध्ये मात्र १९५८ नंतर या कल्पनेस प्रोत्साहन मिळाले. १९६० मध्ये क्वीन्सलँडमधील मकाय येथे २९ जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताचे कारण निश्चित करता आले नाही. त्यानंतर ध्वनी अभिलेखक सक्तीचा करण्यात ऑस्ट्रेलियाने पुढाकार घेतला. वैमानिकांची धास्ती अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. फितीवर शेवटच्या ३० मिनिटांचेच संभाषण राही, जुने आपोआप पुसले जाई.

पुढे वर्खाची जागा चुंबकीय फितीने व फितीची जागा घन-अवस्था स्मृतीने घेतली. संवेदकांकडून येणारी वाचने अंकीय स्वरूपात साठविली जातात. आता शेकडो राशींची निदान २५ तासांची नोंद राहते. ध्वनीची मुदत प्रथम दोन तासांवर गेली व नव्या मोठ्या विमानांसाठी तीही २५ तास ठरविण्यात आली आहे.

आघाताची झळ कमी पोहोचावी म्हणून अभिलेखक बहुधा शेपटीकडील भागात बसवितात. स्मृतीचे कवच गुरुत्वीय प्रवेगाच्या ३,४०० पट आघात, १,१००° से. तापमानाची आग एक तास आणि सु. ६,००० मी. खोलीवरील पाण्याचा दाब सहन करील अशी कसोटी असते. पाण्यात पडताच त्याला जोडलेला दर्शक ३७.५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे श्राव्यातीत संकेत देऊ लागतो. अटलांटिक महासागरात १ जून २००९ रोजी कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे अभिलेखक सु. ३,९०० मी. खोलीवर मे २०११ मध्ये सापडले. स्मृती वाचता आली. दर्शक मात्र केव्हाच बंद पडले होते. संकेतांची मुदत ३० वरून ९० दिवस करण्यामागे हा अनुभव आहे.

तथापि नोंद हाती आली म्हणजे कारण कळले असे होत नाही. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ समुद्रात कोसळून ३२९ जण मृत्युमुखी पडले. सु. २,००० मी. खोलीवरून जुलैमध्ये काढलेल्या अभिलेखकांचे विश्लेषण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. दोन्ही नोंदी जवळजवळ एकाच क्षणी थांबल्या होत्या व ध्वनिफितीच्या शेवटी एक मोठा आवाज होता. तो स्फोटाचाच की विमान फुटण्याचा, यावर तज्ञांत एकमत झाले नाही. बाँबस्फोटाचा निष्कर्ष चौकशी आयोगाने अवशेषांचाही पुरावा जमेस धरून काढला. नोंदींचे एकाएकी थांबणे हाच येथे महत्त्वाचा पुरावा होता.

विमानाचा वीजपुरवठा तुटला की सामान्यतः अभिलेखकही थांबतात. त्यामुळे नव्या विमानांत ध्वनी अभिलेखकास सु. दहा मिनिटे पुरेल असा स्वतंत्र वीजपुरवठा देतात. दक्षिण कोरियातील मुआन विमानतळावर २९ डिसेंबर २०२४ रोजी अपघात झालेल्या जुन्या विमानात तशी सोय नव्हती. त्याच्या दोन्ही अभिलेखकांत शेवटच्या सु. चार मिनिटांची नोंद नाही.