ग्रिलखालील चटई : रक्षण कोणते व किती?

अमेरिकेत पुष्कळ घरांच्या मागील बाजूस फळ्यांचा उघडा ओटा असतो. त्यास तेथे डेक म्हणतात. १९५२ साली शिकागो परिसरात जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या अर्धगोलांपासून झाकणाची कोळशाची शेगडी तयार केली. अशा शेगड्या, म्हणजेच ग्रिल, पुढे घरोघरी पसरल्या व त्यांच्याखाली चटई अंथरण्याचा प्रघात पडला. ही चटई नेमके कशापासून रक्षण करते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

ग्रिलपासून डेकला होणारा उपद्रव त्रिविध असतो : चरबीचे थेंब, उडणाऱ्या ठिणग्या व सतत खाली येणारी प्रारित उष्णता. पहिल्यावर न शोषणारी कोणतीही चटई पुरेशी ठरते. ठिणगीतील उष्णतेचा साठा अल्प असल्यामुळे काचतंतूंच्या चटईवर ती निरुपद्रवी होऊन विझते. तिसऱ्या उपद्रवाचे स्वरूप मात्र भिन्न आहे.

उदाहरणार्थ, ५ मिलिमीटर जाडीची व ०.०५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन उष्मावाहकतेची चटई घेतल्यास तिचा उष्णतारोध ०.१० भरतो. तिच्याखालील २५ मिलिमीटर जाडीच्या पाइनच्या फळीचा रोध सुमारे ०.२१, तर फळीखालील हवेच्या थराचा सुमारे ०.१० धरता येतो. चटईचा माथा १२० अंश सेल्सियस व खालील हवा ३० अंश असल्यास, स्थिर अवस्थेत फळीचा माथा सुमारे ९८ अंशांवर राहतो. लाकूड स्वतःच उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे चटईखाली उष्णता कोंडते. चटई तापण्यास विलंब लावते. तापणे टाळीत नाही. एवढ्या तापमानास लाकूड पेट घेत नाही हे खरे. परंतु पीव्हीसीच्या फळ्या ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात.

यावरील उपाय जाडीत नसून हवेत आहे. घरातील लाकूड जाळण्याच्या शेगड्यांभोवती धातूचा पत्रा व भिंत यांमध्ये सुमारे २५ मिलिमीटर मोकळी जागा राखतात. तीतून वाहणारी हवा उष्णता वाहून नेते. डेकवरही पत्रा वा फरशी लहान पायांवर उचलून ठेवल्यास हेच तत्त्व उपयोगी पडते. शिवाय पावसाचे पाणी खाली साचत नाही. लाकडातील आर्द्रता दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिल्यास कुजविणाऱ्या बुरशीस वाव मिळतो, आणि सदैव अंथरलेली चटई नेमकी तीच परिस्थिती निर्माण करते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत आधारभूत मानल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार कोळशाची शेगडी ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत वापरण्यास मनाई आहे. एक वा दोन कुटुंबांची घरे व स्वयंचलित जलफवारे असलेल्या इमारती यांना त्यात सवलत आहे; चटई अंथरली म्हणून सवलत नाही. तात्पर्य, चटई हे डाग व ठिणग्या यांपासून संरक्षण होय. तिला अग्निरोधक मानून ग्रिल भिंतीजवळ सरकविणे म्हणजे साधनाच्या मर्यादेचाच विसर पडणे होय.